नाव लिहायलाही जागा न ठेवणाऱ्या मेमरी कार्डास

मायक्रोएसडी कार्डास,

पत्राच्या सुरुवातीला समोरच्याचं कुशल विचारायची आपल्याकडे रीत आहे. तुझं मी विचारत नाही. तू मोबाईलच्या ट्रेमध्ये आहेस, पाकिटाच्या शिवणीत अडकलंयस की सकाळी केराबरोबर उकिरड्यावर गेलंस, हेच निम्म्या वेळा कळत नाही. मी शिक्रापुरात लग्नाची शूटिंग करून पोट भरणारा माणूस आहे. रोल धुवायच्या काळापासून या धंद्यात आहे. माझ्या गिऱ्हाइकांच्या वतीनं तुझ्यावर एकच आरोप ठेवतो: तू इतकं लहान झालंस की माणसाच्या हातात राहिलं नाहीस, आणि तरी माणसांची जन्मभराची ठेव पोटात घेऊन बसलंस.

तुझं घराणं मला ठाऊक आहे. 1994 साली सॅनडिस्कनं कॉम्पॅक्टफ्लॅश आणलं. 43 बाय 36 मिलिमीटर, जाडी 3.3. आम्ही त्याला सीएफ म्हणायचो. 1997 साली सॅनडिस्क आणि सीमेन्सनं एमएमसी काढलं. 1999 साली सॅनडिस्क, तोशिबा आणि तेव्हाची मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, अशा तिघांनी मिळून एसडी आणलं: 32 बाय 24, जाडी 2.1. मग 2003 साली मिनीएसडी आलं, साडेएकवीस बाय वीस. 2004 साली ट्रान्सफ्लॅश या नावानं तू आलंस आणि 2005 साली तुझं बारसं मायक्रोएसडी म्हणून झालं. 15 बाय 11 मिलिमीटर, जाडी एक मिलिमीटर, वजन साधारण पाव ग्रॅम. अकरा वर्षांत तुझ्या घराण्याचं घनफळ तिसाव्या हिश्शावर आलं.

फोटोवाल्याच्या हिशेबानं सांगतो. पस्तीस एमएमच्या रोलवर एका फोटोची चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची असायची. थोरलं एसडी कार्ड जवळपास तेवढंच होतं. तू त्या एका चौकटीच्या पाचव्या हिश्शाएवढंही नाहीस. एका निगेटिव्हवर एक नवरी मावायची. तुझ्यात अख्ख्या तालुक्याची लग्नसराई मावते.

यामागची विद्या थोर आहे, हे मी मनापासून मान्य करतो. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात फ्लॅश मेमरीचा शोध लावला. 1987 साली त्यातली नॅन्ड ही जात जगापुढे आली, आणि तू त्याच जातीचं आहेस. वीज बंद झाली तरी विद्युतभार जागच्या जागी कोंडून ठेवायचा आणि त्यावरून मजकूर वाचायचा, ही ती युक्ती. सुरुवातीला एका कप्प्यात एकच बिट ठेवत. मग दोन, तीन, चार ठेवू लागले, आणि पुढं कप्प्यांचेच मजल्यावर मजले चढवले. एसडी घराण्याची मर्यादा आधी 2 जीबी होती. 2006 साली 32 जीबी, 2009 साली 2 टीबी आणि 2018 साली 128 टीबी अशी ती वाढत गेली. 2019 साली तर एक टीबीचं मायक्रोएसडी बाजारात आलं. ज्यांनी हे घडवलं त्यांच्या बुद्धीला माझा नमस्कार आहे. भांडण बुद्धीशी नाही. ती कुणाच्या सोयीसाठी वापरली, याच्याशी आहे.

कॅमेऱ्यानं तुला कधी मागितलं नव्हतं. आमच्या कॅमेऱ्याला एसडी पुरत होतं, आजही पुरतं. तुझा जन्म मोबाईलसाठी झाला. फोन पातळ करायचा होता, आत बॅटरीला जागा हवी होती, म्हणून तुला कातरलं. फोन पातळ झाला, कंपनीचा माल खपला. तुझ्या कातरण्यात माणसाचं काय काय कातरलं गेलं, त्याचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. तो मी मांडतो.

पहिलं गेलं ते नाव. एसडी कार्डावर आम्ही बारीक मार्करनं लिहायचो: हळद, सकाळची शूटिंग, वधूपक्ष, तारीख. दहा कार्डं टेबलावर पसरली तरी कुठल्या घरचं लग्न कुठलं, ते एका नजरेत कळायचं. तुझ्या अंगावर आज काय काय छापलेलं असतं ते बघ. कंपनीचं नाव, 128 जीबी, गोलातला 10, यू या अक्षरातला 3, व्ही30, ए2. वेगाचे नि दर्जाचे एवढे बिल्ले मावतात. ज्याचं लग्न आत आहे त्याचं आडनाव लिहायला तेवढी जागा नाही.

दुसरं गेलं ते कुलूप. एसडीच्या कडेला एक छोटी सरकपट्टी असते. शूटिंग संपली की ती खाली ओढायची. मग घाईगडबडीत कुणी कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घातलं तरी कॅमेरा त्यावर लिहायला नकार देतो. एवढ्याशा पट्टीनं किती घरांची लग्नं वाचवली असतील! तुझ्यात ती बसली नाही. जागेअभावी काय काढायचं, हे ठरवायची वेळ आली तेव्हा कारखान्यानं कुलूप काढलं.

तिसरी गेली पकड. ही काय चीज आहे ते बघायचं असेल तर आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटावर ये. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर हा गाडामालकांचा मुलूख. 2014 साली सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. डिसेंबर 2021 मध्ये त्या अटी घालून पुन्हा सुरू झाल्या आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला आपल्या बैलांची बारी, म्हणजे शर्यतीतली धाव, नीट टिपलेली हवी असते. ती सेकंदांत संपते, पुन्हा धाव म्हणून बैलांना सांगता येत नाही. वर ड्रोन असतो आणि ड्रोनच्या पोटात तू. दोन बाऱ्यांमध्ये मुलगा कार्ड बदलायला बसतो. हाताला घाम, हवेत भंडारा, पायाखाली फुफाटा. नखानं दाबलं की तू स्प्रिंगच्या जोरानं टुणकन बाहेर येतंस आणि बोटाच्या चिमटीत न थांबता मातीत जातंस. चार माणसं गुडघ्यावर बसून माती चाळतात. तोवर निशाण पडतं आणि पुढचा गाडा सुटतो.

शिरूर या आमच्या तालुक्यात उसाच्या कडेला वनखात्याचे ट्रॅप कॅमेरे लागतात. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि बिबट्याची भीती इथल्या लोकांना रोजची आहे. त्या कॅमेऱ्यांत बहुधा थोरलं एसडी कार्ड असतं. रानात, अंधारात, हातमोजे घालून काढता-घालता येईल असं माप लागतं, म्हणून ते तिथं टिकून असावं. जिथं माणसाच्या हाताचा विचार झाला, तिथं तुझी गरज पडली नाही.

चौथी गेली दुरुस्ती, आणि खरं दुखणं इथं आहे.

एक तरुण दुकानात आला होता. वडील वारले होते, दशक्रिया तोंडावर होती. फ्लेक्ससाठी वडिलांचा चांगला फोटो हवा होता. पण त्याला त्याहून जास्त हवा होता तो वडिलांचा आवाज. गावातल्या देवळात ते हरिपाठ म्हणायचे, ते त्यांनीच कधीतरी आपल्या मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. मोबाईल साधा, ट्रे वाकडा बसलेला, कुणीतरी तो जोर लावून आत ढकललेला. पिन घालून ट्रे बाहेर काढला तर तू मधोमध चिरलेलं. काचेच्या काउंटरवर पांढरा कागद ठेवून मी तुला उलटं केलं. सोनेरी आठ पट्ट्या जागच्या जागी होत्या. त्यांच्या खालून एक बारीक चीर तिरकी जाऊन कडेला पोचली होती. रीडरला लावलं, कॉम्प्युटरनं काही दाखवलं नाही. अडॅप्टर बदलला, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं. तो पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता, पडद्याकडे नाही.

त्याला मी जे सांगितलं ते तुलाही सांगतो. जुन्या, मोठ्या कार्डांत आत छोटी पट्टी असायची, तिच्यावर मेमरीची चिप वेगळी आणि तिला चालवणारी कंट्रोलर चिप वेगळी. कंट्रोलर मेला तरी जाणकार माणूस मेमरीची चिप सोडवून वाचायचा. तुझ्यात दोन्ही एकाच तळावर बसवून वरून काळा राळेचा थर ओतलेला असतो. डेटा काढणाऱ्याला तो थर खरवडून आतले ठिपके उघडे करावे लागतात आणि भिंगाखाली तारा जोडाव्या लागतात. त्याला पैसा लागतो, पुण्या-मुंबईचे हेलपाटे लागतात. आणि चीर मेमरीच्या चिपमधूनच गेली असेल तर सगळं करूनही हाती काही येत नाही. त्याच्या बाबतीत ती तिथूनच गेली होती.

आमच्याच तालुक्यात पाबळ आहे. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथं विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सुटलेल्या पोरांना हातानं काम करत शिकवायचं, यंत्र उघडून बघायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं, हा तिथला धडा. या मातीत वाढलेल्या माणसाला तुझ्यासारखी वस्तू देताना तुझ्या कारखानदारांनी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता: ही फुटली तर गावातला माणूस काय करील? उत्तर त्यांच्याजवळ तयार आहे, नवं घ्या. नवं कार्ड दुकानात मिळतं. वडिलांचा हरिपाठ दुकानात मिळत नाही.

तू लोकांचं कधी काही भलं केलं नाहीस, असं मी म्हणणार नाही. खोटं बोलून आरोप जड करायची मला गरज नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, त्याआधी गावाकडचं इंटरनेट म्हणजे तूच होतंस. चाकण चौकापासून पाबळ चौकापर्यंत मोबाईलच्या दुकानांत गाणी भरून मिळायची. सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेली मराठवाड्याची, विदर्भाची, बिहारची, उत्तर प्रदेशची पोरं पगार झाला की कार्ड घेऊन यायची. कुणाला प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं हवी, कुणाला कीर्तनं, कुणाला भोजपुरी गाणी. एका खोलीत चार-पाच जण राहायचे, रात्रपाळी करून यायचे आणि तुझ्यातलं गाणं लावून झोपायचे. परगावी राबणाऱ्या माणसाला तू घराजवळ ठेवलंस. हे उपकार मी विसरत नाही. म्हणूनच तुझ्या बाबतीत पुढं जे झालं त्याचा राग जास्त येतो.

तुझ्या नावानं नकली कार्डं निघाली. आत 8 जीबीची चिप आणि अंगावर 1 टीबीचा छाप. कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. फोननं विचारलं की तो एक टीबी सांगतो. सुरुवातीचे फोटो नीट उतरतात, माणसाचा विश्वास बसतो. खरी जागा संपली की पुढचे फोटो एक तर जुन्यांवर बसतात, नाही तर नुसती नावं उरतात आणि आत काही नसतं. बाळाचं बारसं शाबूत आणि पहिला वाढदिवस कोरा, अशी कार्डं लोक घेऊन येतात. त्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. चुकलं त्यांचं काही नाही. त्यांना फसवलं, आणि फसवणाऱ्याला लपायला तुझा आकार उपयोगी पडला.

तिकडे कोर्टानं तुला मोठा मान दिला. 2019 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मेमरी कार्डातला मजकूर हा कायद्यानं दस्तऐवज आहे. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला; त्याच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात मजकुराची हॅश व्हॅल्यू (जणू मजकुराचा अंगठ्याचा ठसा) नोंदवावी लागते. म्हणजे माणसाची अब्रू, जमिनीच्या बांधावरची मारामारी, अपघातात कुणाची चूक होती, हे सगळं पाव ग्रॅमच्या वस्तूवर येऊन ठेपलं. एवढ्या तोलामोलाची वस्तू माणसाला धरता येईल, तिच्यावर खूण करता येईल, अशी असायला नको?

आणि शेवटी तुझ्याच मालकांनी तुला काय दिलं? आधी सिमच्या शेजारी बसवलं आणि ग्राहकाला सांगितलं, दुसरं सिम घाल किंवा कार्ड घाल. 2015 पासून अँड्रॉइडमध्ये तुला फोनचीच मेमरी बनवायची सोय आली. ती ज्यांनी निवडली, त्यांचं कार्ड त्या फोनशी असं बांधलं गेलं की फोन मेल्यावर दुसरा कुठलाच फोन ते वाचत नाही. मग खोबणीच काढायला लागले. आयफोननं तुला कधी उंबरठा ओलांडू दिला नव्हता. सॅमसंगनं 2015 साली गॅलेक्सी एस6 मधून तुला काढलं, पुढच्या वर्षी परत घेतलं, आणि जानेवारी 2021 मध्ये एस21 मधून पुन्हा काढलं. त्याच वर्षी 1 जूनला गूगल फोटोजची मोफत, अमर्याद साठवण बंद झाली. पंधरा जीबी फुकट, पुढं पैसे मोजा. एकाच वर्षात एका बाजूनं खोबण गेली, दुसऱ्या बाजूनं भाडं सुरू झालं. स्वतःच्या आजीचा फोटो स्वतःजवळ ठेवायला दर महिन्याला भाडं. तू लहान होत गेलंस, त्याचा शेवट हा असा झाला. वस्तू माणसाच्या मुठीतून निसटली आणि हप्ता मात्र त्याच्या गळ्यात पडला.

तेव्हा निकाल ऐक. तू लहान झालंस हा गुन्हा नाही. नाव, कुलूप, पकड आणि दुरुस्ती या चारही गोष्टी सोडून लहान झालंस, हा गुन्हा आहे. आणि तू बिचारं पाव ग्रॅमचं. खरे आरोपी तुला कातरणारे आहेत. त्यांना माझं मागणं साधं आहे. फोनमध्ये खोबण परत द्या. कार्डावर बोटभर कोरी जागा ठेवा, बिल्ले कमी छापा. कुलपाची पट्टी बसत नसेल तर तेच काम करणारी सोय फोनमध्ये द्या, आणि ती चार बटणांच्या आत लपवू नका. आणि बनावट कार्डं जिथं विकली जातात तिथं तुमच्या नावानं लोक लुटले जातायत, हे थांबवणं तुमचं काम आहे, आमचं नव्हे.

आता दोन शब्द माझ्या गावच्या आणि पंचक्रोशीतल्या माणसांना. बाबांनो, कार्डावर काही ठेवलंय म्हणजे ते कायमचं राहिलं असं समजू नका. कार्ड वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतला भार गळतो, पुनःपुन्हा लिहून कप्पे झिजतात. कार्ड बिल घेऊनच घ्या. नवं कार्ड आधी एकदा पूर्ण भरून तपासा. त्यासाठी एच2टेस्टडब्ल्यू आणि एफ3 ही मोफत सॉफ्टवेअर आहेत, येत नसेल तर ओळखीच्या दुकानदाराकडून करून घ्या. कार्ड प्लास्टिकच्या डबीत ठेवा आणि नाव-तारीख डबीवर लिहा. कार्ड रीड होत नसेल तर ‘फॉरमॅट करू का’ असं फोन विचारतो, तिथं हो म्हणू नका. त्यावर काहीही न लिहिता जाणकाराला दाखवा. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती करा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यातली एक घराबाहेर, भावाकडे किंवा लेकीकडे राहू द्या. लग्नाचे चार चांगले फोटो कागदावर छापून घ्या. आणि घरात म्हातारं माणूस गात असेल, जात्यावरची ओवी म्हणत असेल, तर ते रेकॉर्ड करा आणि आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. उद्या ट्रे अडकला तर ते परत आणून द्यायची ताकद माझ्या दुकानात नाही, कुणाच्याच दुकानात नाही.

शिक्रापुरातला एक फोटोग्राफर